डाव्या हाताची पंगत

हरेश्वर घरतांनी संमतिपत्रावर सही केली तेव्हा त्यांचा डावा हातही सही करत होता. उलटी. ते फक्त मी पाहिलं.

खरं तर तो हात पिशवीखाली दडपलेला होता. पिशवीत कलिंगड असावं, निदान तेवढी ती जड होती. पण आमच्या खिडकीचा कठडा गुळगुळीत, पिशवी घसरली आणि पाच बोटं उघडी पडली. उजवा हात कागदावर 'ह' काढत होता आणि डावी तर्जनी रिकाम्या लाकडावर आरशातला 'ह' गिरवत होती. घरतांनी पिशवी घाईनं परत ओढली आणि मी त्यांच्या पाकिटात हात घातल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मी शलाका पोतनीस. पनवेलच्या या जनुक केंद्रात बावीस वर्षं वंशावळी काढते. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळं. अजून जन्मायचं असेल तर शंकरपाळी. केंद्रात बाकी सगळं यंत्रं करतात, पण वंशावळ माणसानंच विचारावी लागते, कारण यंत्रापुढे लोक खोटं बोलतात आणि माझ्यापुढे अर्धवट खरं. सासूला विचारलं तर सुनेच्या माहेरच्या चार पिढ्यांचा दमा कळतो. स्वतःच्या दिराच्या फिट्स मात्र 'लहानपणी जरा घाबरायचा' एवढ्यात आटोपतात.

घरत पेणचे. गणपतीचे कारखानदार. आता मूर्तींची धडं यंत्रातून थरावर थर चढून बाहेर पडतात, रंगही यंत्रच मारतं, पण डोळे आखायला अजून माणूस लागतो. हरेश्वर अप्पा घरत म्हणजे डोळ्यांचं घराणं. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा वेदांग उभा होता, उरणच्या बंदरात क्रेनवर देखरेख करणारा. त्यानं डावा हात पँटच्या खिशातून एकदाही काढला नाही, चहासुद्धा तसाच प्यायला. शेजारी सून मैथिली, तालुक्याच्या मोजणी खात्यात भूमापक, पोटात एकविसावा आठवडा.

"घरात कुणाला फिट्स? बोलायला उशीर? लहानपणी दगावलेलं कुणी?" मी विचारलं.

"नाय," अप्पा म्हणाले. "आमचे घराण्यात सगली शानी."

"बहिणी किती तुम्हाला?"

"एक. तिचं काय काढताय! ती असते घरात."

सगळे चौकोन आणि वर्तुळं पांढरीच राहिली. इतकी स्वच्छ वंशावळ पाहिली की मला नेहमी शंका येते. शंका लिहायला मात्र आमच्याकडे चिन्ह नाही.

आत डॉक्टर गद्र्यांच्या खोलीत फक्त जोडप्याला बोलावलं. अप्पा बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी वंशावळ घेऊन कोपऱ्यात.

उर्मिला गद्रे वाईट बातमी सांगताना खुर्ची पुढे ओढतात. त्यांनी ती ओढली.

"बाळाच्या मेंदूचे दोन्ही अर्धे भाग नीट आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना जोडणारा मधला पूल मात्र दिसत नाही."

मग त्यांनी समजावलं. गर्भाच्या बाराव्या आठवड्याच्या आसपास डाव्या भागातले तंतू उजवीकडे निघतात आणि उजव्यातले डावीकडे. असे कोट्यवधी तंतू मिळून पूल होतो. वाट त्यांना कुणी आखून दिलेली नसते. मधल्या रेषेवरच्या पेशी एक रसायन सोडतात आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला त्याचा वास घेणारं जणू एक नाक असतं. वासाच्या मागावर तंतू पुढे सरकतो. ते नाक बनवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते. प्रत्येकाकडे त्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या बाळाच्या एका प्रतीत एकच अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे नाकं कमी पडली, आणि मधल्या रेषेपर्यंत आलेले तंतू पलीकडे न जाता आल्या बाजूलाच वळले.

"कुणाकडून आलंय?" मैथिलीनं विचारलं.

"वडिलांकडून."

वेदांग फरशीकडे बघत राहिला.

"म्हणजे यालाही आहे," मैथिली म्हणाली. "आणि हा तर चांगला धडधाकट आहे. बंदर चालवतोय."

"त्यांचा मेंदू कुणी पाहिलेला नाही. आणि पारखच्या यादीत ते नाहीत."

पारख हे आमचं यंत्र. खरं तर देशभरचं. मेंदूच्या रचनेत काही वेगळं दिसलं आणि जनुकातला बदल सापडला, की पारख जुनी प्रकरणं चाळून एक आकडा देतं: हे मूल गंभीर आजारी निघण्याची शक्यता शेकडा किती. पन्नासच्या आत असेल तर पांढरं पत्र. पन्नासच्या वर लाल. लाल पत्र आलं तरी गर्भ ठेवायची बंदी नाही, कायदा तसा सभ्य आहे. फक्त आईनं लिहून द्यायचं की मी हे मूल 'जाणूनबुजून' जन्माला घालत आहे. मग तो लाल शेरा मुलाच्या आरोग्यपत्रावर जन्मभर राहतो, सरकारी विम्याचं कवच मिळत नाही, आणि शाळेच्या दारात पहिल्याच दिवशी त्याला बाजूच्या इमारतीकडे बोट दाखवतात.

घरतांच्या शंकरपाळीचा आकडा होता त्र्याऐंशी.

"किती माणसांवरून काढलाय?" मैथिलीनं विचारलं. हा प्रश्न बावीस वर्षांत मला आठवतं तसा दुसऱ्यांदाच कुणी विचारला असेल. बाकीचे 'किती' एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून रडतात.

गद्र्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "हा नेमका बदल दुर्मीळ आहे. यादीत सहाच माणसं आहेत. त्यातली पाच गंभीर आजारी."

"ती सहा आली कुठून?"

"इस्पितळांतून. कुणाला फिट्स होत्या, कुणी चालत नव्हतं. तपासणीत हा बदल सापडला."

मैथिली हसली. मला ते हसू आवडलं नाही, फार शांत होतं.

"डॉक्टर, मी मोजणी खात्यात आहे. आमच्याकडे बांध कोरल्याची तक्रार आली की आम्ही जाऊन जमीन मोजतो. आता कुणी आमच्या फायली बघून म्हणालं की या तालुक्यात शंभरातल्या त्र्याऐंशी शेजाऱ्यांची भांडणं आहेत, तर? ज्यांचं भांडण नाही ते आमच्याकडे येतच नाहीत. त्यांना काय जमिनीच नाहीत?"

गद्र्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "हे मला माहीत आहे. पण तक्रार नसलेल्या माणसाचं डोकं कोण तपासणार? वेदांगना धरलं तरी सातात पाच, म्हणजे एकाहत्तर. लाल ते लालच."

"मग अजून धरू."

"चोवीस आठवड्यांपर्यंत निर्णय तुमच्या हातात आहे. दोन्ही बाजूंनी."

"निर्णय माझाच आहे, त्यावर मी कुणाशी बोलतही नाहीये. मला खरा आकडा हवाय. तो भयंकर निघाला तर काय करायचं ते मीच येऊन सांगेन, आणि कुणाची परवानगी मागणार नाही. पण सहा माणसांवरून 'जाणूनबुजून' लिहून देणार नाही. काय जाणून? तुम्हीच जाणत नाही."

त्याच आठवड्यात आमच्याकडे आलेल्या एका बाईनं लाल पत्र वाचून दुसरा रस्ता धरला होता. तिच्या पोटातलं दुखणं खरंच वाईट होतं आणि तिचं ठरवणंही तितकंच तिचं होतं. मी दोघींच्या फायली शेजारी ठेवल्या. दोघींनाही आपापल्या आकड्याची खात्री असायला हवी होती, एवढंच.

अप्पा आणि वेदांग गाडी आणायला गेले तेव्हा मी मैथिलीला लिफ्टपाशी गाठलं.

"एक विचारू? सासऱ्यांचा डावा हात..."

"देवाचा हात!" ती म्हणाली. "तुम्हाला दिसला? कमाल आहे, तो कुणाला दिसू देत नाहीत."

मग तिनं सांगितलं. अख्ख्या जगात डावा हात खालच्या मानाचा, पण घरतांकडे तो देवाचा. कारण अप्पा दोन हातांत दोन कुंचले घेऊन गणपतीचे दोन्ही डोळे एकाच वेळी आखतात. केसाचाही फरक पडत नाही. त्यांचे वडीलही तसेच आखायचे, आणि आजोबाही. हा हात म्हणजे घराण्याची विद्या, बाहेर बोलायचं नाही. आणि त्या हाताला उष्टं लागू नये म्हणून घरातल्या प्रत्येकानं, सुनांनीसुद्धा, जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचं.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. तीन वर्षं मी त्या हातावर बसतेय. खीर वाढली तरी मुंग्या जात नाहीत."

मी तिला घेऊन परत गद्र्यांच्या खोलीत शिरले. डॉक्टरांनी ऐकलं, आणि खुर्ची पुढे न ओढता एकदम उठूनच उभ्या राहिल्या.

"हात हलवायचा हुकूम मेंदूतून निघतो," त्या म्हणाल्या, "आणि मानेशी उतरताना बाजू बदलतो. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या हाताला. बाजू बदलणाऱ्या त्या तंतूंना वाट दाखवण्यातही त्याच नाकाचा हात असतो. नाक अपुरं पडलं की हुकमाची एक प्रत दुसऱ्या बाजूलाही जाते. उजवा हात हलला की डावाही हलतो. शलाका, अगं, हा तोच बदल आहे. ते चार पिढ्या हे घेऊन जगतायत. डोळे आखतायत."

"किती जण?" मैथिलीनं विचारलं.

ते कुणालाच सांगता येत नव्हतं. घरतांनी सगळ्यांचेच हात दाबले होते. त्यामुळे कुणाचा हात हलतो आणि कुणाचा नाही, हे खुद्द घरतांनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी मी पेणला गेले. कारखान्यात पांढऱ्या मूर्तींची रांग होती, आंधळी. अप्पा एका मूर्तीपुढे मांडी घालून बसले होते. दोन कुंचले काजळात बुडाले, दोन्ही मनगटं एकदम उचलली, आणि दोन भुवया मध्यापासून बाहेर अशा काही सरकल्या की जणू मध्ये आरसा धरला होता. मग पापण्या, मग बुबुळं. मूर्ती आमच्याकडे बघू लागली.

मी जे सांगायला आले होते ते मैथिलीनं सांगितलं. अप्पांनी कुंचले पाण्यात टाकले.

"पोरी, तू माझे विद्येला रोग बोलतेस?"

"मी काहीच बोलत नाही, अप्पा. मोजू द्या म्हणते."

"थुंकी द्यायची, डोकं मशिनीत घालायचं, आणि कागदावर लिवून द्यायचं का घरतांचा हात म्हंजे बिघाड! उद्या गिऱ्हाईक बोलेल, देवाचे डोळे आजारी माणूस आखतो. मना नाय चालायचं. बाई, तुम्ही आल्या तर जेवून जा, पण यो विषय बंद."

पानं मांडली. वालाचं बिरडं, भात, पापड. अप्पा डाव्या मांडीखाली हात सारून बसले, त्यांच्या शेजारी वेदांग तसाच. मीसुद्धा, पाहुणी म्हणून शिस्तीत, हात दाबून बसले. बसल्यावर कळतं, माणूस किती वाकडा होतो ते.

मैथिलीनं डावा हात काढला आणि पानाशेजारी जमिनीवर उघडा ठेवला.

"हात!" अप्पा म्हणाले.

"माझाच आहे." तिनं भात कालवायला घेतला. डावा हात गप्प पडून होता. "बघा. हलतो का? नाही हलत. मग तीन वर्षं हा कशासाठी दाबला? माझ्याकडे ना तुमची विद्या, ना तुमचा रोग."

"रीत हाय ती."

"रीत आहे ना, मग आता दुसरा हात बघा." ती नवऱ्याकडे वळली. "काढ."

वेदांग हलला नाही.

"वेदांग, डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलंय. तुझ्याकडूनच आलंय. काढ तो हात, नाहीतर मी उठते पानावरून, आणि मग मला बसवायला तुमच्या घराण्यातले सगळे देव आले तरी मी बसणार नाही."

त्यानं हात काढला. खूप वेळ तो तसाच धरून ठेवला. मग उजव्या हातानं भाताचा घास केला, आणि जमिनीवर डाव्या हाताची बोटं तोच घास हवेत करू लागली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. उजवा हात तोंडाकडे उचलला, डावाही चार इंच वर आला.

अप्पा बघत होते. त्यांच्या पानातला भात गार होत होता.

"कवापासून?"

"जन्मापासून."

"आन् मना बोललास का जमत नाय. पंधरा वरसं झाली, दोन कुंचले दिले हातात तुझ्या, तू फेकून दिलेस. बोललास, माझा हात साधा हाय."

"शाळेत पोरं माकड म्हणायची, अप्पा. फळ्यावर लिहायला उठलो की डावा हात हवेत लिहायचा. सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मला नको होती ती विद्या. मी हात खिशात घातला तो घातला."

"मी समजलो हात माझ्यासंगती संपला," अप्पा म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा डावा हात मांडीखालून काढला आणि पुन्हा जेवायला लागले. बापलेकांचे दोन डावे हात जमिनीवर एकाच तालात भात कालवत होते. मी पाहत नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं.

हात धुताना अप्पा सुनेला म्हणाले, "अक्षय तृतीयेला पाटपूजन हाय. सगली भावकी येते. बोलव तुझे डॉक्टरीणबाईंना."

पाटपूजन म्हणजे मोसमातल्या पहिल्या मूर्तीचा पाट मांडून पूजा करायची. नारळ फोडून पाटावर मातीचा पहिला गोळा ठेवतात, मग सगळ्या भावकीची पंगत. बेचाळीस माणसं होती. गद्रे गाडीतून टोपीएवढा स्कॅनर घेऊन आल्या. असले स्कॅनर आता खेड्यापाड्यांत फिरतात, डोक्यावर ठेवला की वीस मिनिटांत काम होतं.

पानं वाढून झाल्यावर अप्पा मधोमध उभे राहिले.

"आज रीत उलटी," ते म्हणाले. "डावा हात सगल्यांनी पानाशेजारी ठेवायचा. कुणी दाबायचा नाय. कुणी हसायचं बी नाय. या पोतनीस बाई हिंडतील आन् लिवून घेतील. ज्याला नको त्यानं आताच सांगा, त्याचं नाव घेणार नाय."

कुजबुज झाली. मैथिलीच्या एक जाऊबाई हातातला चमचा ठेवून म्हणाल्या, "मी तर डावखुरी, मी काय करू?" त्यांना उजवा ठेवायला सांगितलं. आणि पंगत सुरू झाली.

मी कागद घेऊन रांगांमधून चालत गेले. बहुतेक हात निवांत पडले होते. मग तिसऱ्या पानावर एक म्हातारा, बोटं चाळवत. पुढे त्याची नात, तिच्या इवल्या मुठीत हवेची पुरी. कोपऱ्यात एक पोलीस, गणवेशातच आलेला, कानापर्यंत लाल झालेला, डावा हात बिरड्याचे दाणे वेचतोय, बिरडं नसताना. ते एकमेकांकडे बघू लागले. "तुझा बी?" "तुझा बी?" पोलीस त्या नातीच्या शेजारी जाऊन बसला आणि दोघांनी मुद्दाम एकदम पापड मोडला.

मी आठ मोजले.

"झाले?" मैथिलीनं विचारलं.

"आठ."

"आत्या कुठे आहेत?"

अप्पांनी मान फिरवली. वेदांग हळूच म्हणाला, "मैथिली, तिला राहू दे. तिला फिट्स येतात. ती धरली तर आकडा वाढेल."

हेच ते वर्तुळ. 'ती असते घरात' म्हणून जे मी कागदावर नुसतं पांढरं ठेवलं होतं.

"वाढू दे," मैथिली म्हणाली. "इस्पितळानं फक्त आजारी मोजले म्हणून मी तिथे भांडून आले. आता मी फक्त धडधाकट मोजू? मग माझ्यात आणि त्या यंत्रात फरक काय राहिला? मला खोटं पांढरं पत्र नकोय."

ती मागच्या खोलीत गेली आणि वत्सला आत्याला हाताला धरून घेऊन आली. साठीची बाई, नवं लुगडं, कुणीतरी वेणीत फूल माळलेलं. बोलणं थोडं, हसणं पुष्कळ. मैथिलीनं तिला स्वतःच्या पानावर बसवलं. आत्यानं खिरीत बोटं बुडवली, आणि तिचा डावा हात जमिनीवर तेच करू लागला.

नऊ. मी आत्याचं वर्तुळ भरलं. काळं. अप्पा ते बघत होते, मग उठून त्यांनी स्वतः तिला दुसऱ्यांदा खीर वाढली.

पंगत उठल्यावर सगळ्यांची थुंकी घेतली होती, तिचे अहवाल दोन दिवसांत आले. बदल अकरा जणांत होता. नऊ हलत्या हातांचे, आणि दोन असे की ज्यांचे हात हलतच नव्हते. त्यातल्या एका काकांना फार राग आला, आयुष्यभर उगाच हात दाबून बसलो म्हणून. स्कॅनमध्ये अकरापैकी पाच जणांच्या डोक्यात मधला पूल नव्हताच. त्या पाचांत एक अप्पा. छत्तीस वर्षं कारखाना चालवणारा, सात गावांत ज्याच्या शब्दाला मान, त्या माणसाच्या मेंदूचे दोन अर्धे भाग पुलावाचून, लहानसहान आडवाटांनी एकमेकांशी बोलत आले होते. अकरांत गंभीर आजारी एकच. वत्सला आत्या.

मी नोंदी भरायला बसले आणि पहिल्याच माणसाला यंत्र अडलं. 'तक्रार' हा रकाना सक्तीचा. खाली दोनशे चौदा आजारांची यादी. यादीत 'काही नाही' हा पर्यायच नव्हता. आजाराशिवाय माणूस आत घेण्याची सोयच कुणी केली नव्हती. सगळ्यात शेवटी 'इतर' होतं. मी 'इतर' निवडलं, आणि सहीला आलेल्या अप्पांकडे पडदा वळवला.

"काय लिहू?"

"तुम्ही सरका," अप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः टंकलं, दोन बोटांनी, अर्थातच दोन्ही हातांच्या. 'तक्रार नाय. डोळे आखतो.'

तासाभरात मुख्य कार्यालयातून फोन आला. कुणी तरुण माणूस होता, फार नम्र.

"मॅडम, तुमच्या केंद्रातून दहा नोंदींमध्ये तक्रार नाही असं आलंय. या नोंदी अभ्यासगटात बसत नाहीत. आम्ही त्या वगळतोय."

"अकरावी बसते का?"

"हो, ती बसते. फिट्स आहेत ना."

"म्हणजे एका घरातले अकरा जण पाठवले, तर तुम्ही आजारी तेवढा ठेवणार आणि दहा चांगले परत पाठवणार. आणि मग सगळेच आजारी असतात असं आम्हाला कळवणार. बरोबर लिहून घेतेय ना मी?"

पलीकडे तो नियम वाचून दाखवू लागला. मग गद्र्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "डॉक्टर उर्मिला गद्रे बोलतेय. त्या नोंदी माझ्या सहीनं आहेत. तुम्ही वगळल्या तर कोणी वगळल्या आणि का, ते लेखी पाठवा. मी ते पत्र अकरा स्कॅनबरोबर छापून आणेन. तुमच्या नावासकट."

नोंदी राहिल्या.

पारखचं गणित आतून फार खोल आहे म्हणतात. पण इतक्या कमी माणसांवर तेही बिचारं साधा भागाकारच करतं. आधी सहात पाच. आता सतरात सहा. तेविसाव्या आठवड्याच्या बुधवारी आकडा बदलला. पस्तीस. पत्र पांढरं.

वेदांगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला ते एका हातानं कधी जमलंच नसतं. मैथिलीनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून पिशवीत टाकलं.

"पस्तीस म्हणजे कमी नाही," गद्रे म्हणाल्या. "तिघांत एक."

"माहीत आहे. तो एक आमच्या घरात आहे, तिला खीर आवडते." ती उठली. "आता मी जाणून आहे, डॉक्टर. ठेवतेय. लाल पत्र असतं तरी हेच केलं असतं बहुतेक. पण ते कुणाच्या तरी चुकीच्या हिशोबावर सही करून नाही."

अशी गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. पेणची बातमी ऐकून पुढच्या महिन्यात वाशीचा एक जण आला, म्हणाला, माझ्या भाच्याला लाल पत्र आलंय, दुसऱ्याच कुठल्या जनुकाचं, आमच्या घरातले चौदा जण ठणठणीत आहेत, आम्हाला लिहून घ्या. मग महाडचं एक कुटुंब. आता आमच्या चार नंबरच्या खिडकीवर काहीही न झालेल्या माणसांची रांग असते. फार कटकटी लोक. आजारी माणसं निमूट बसतात, पण निरोगी माणसाला पाच मिनिटं थांबवलं की तो मालकासारखा बोलतो. मुख्य कार्यालयानं यादीत पर्याय वाढवला, 'तक्रार नाही', दोनशे पंधरावा. त्याला पहिला क्रमांक द्या म्हणून गद्र्यांची पत्रं चालू आहेत.

गणपती होऊन गेल्यावर घरतांकडे मुलगी झाली. सहाव्या महिन्यात ती तपासणीला आली, सगळे आले, वत्सला आत्यासुद्धा. अप्पांच्या हातात या वेळी पिशवी नव्हती. वेदांगच्या बोटांना काजळाचे डाग होते, दोन्ही हातांच्या. रविवारी बसतो म्हणाला, अजून बुबुळं तिरळी येतात.

मी जुना कागद काढला, शंकरपाळी खोडली आणि वर्तुळ केलं.

"कूस वळायला दोन आठवडे उशीर झाला," मैथिलीनं सांगितलं. "तेही लिहा. हसते वेळेवर. मान धरलीय. रात्री सगळ्यांना जागवते."

मी लिहीत होते तेवढ्यात पोरीनं माझं पेन पकडलं. उजव्या मुठीत, घट्ट. आणि तिची डावी मूठ कठड्यावर, जिथे पेन नव्हतं तिथे, तितकीच घट्ट मिटली.

या वयात सगळ्याच पोरांचं असं होतं, गद्रे म्हणतात. वर्षं जावी लागतील, मग कळेल. तरी मी बघत राहिले. अप्पाही बघत राहिले.

मैथिलीनं पेन सोडवून माझ्या हातात दिलं.

"काय बघत बसलात, बाई? लिहा. दोन्ही हात चालतात."